सतराव्या दगडाची उंची

“नाना, हा सतरा नंबर सापडला होता का हो?”

ज्योतिषीणबाईंनी पडद्यावरची नजर न हलवता विचारलं. नाना खिडकीशी उभे राहून यंत्राची काच पुसत होते. हात थांबला नाही. पण फडकं एकाच जागी गोल गोल फिरू लागलं.

“कुठला सतरा?”

“ओढ्याकाठची मोजणी. एकोणीस वर्षांपूर्वीची, तुमचीच. मागच्या जागेच्या मालकाला कुंपणाची भिंत घालायची आहे, हद्द पुन्हा दाखवून मागतोय. अठरा दगड. त्यातले पाच सापडल्याची टीप आहे, त्यांच्या उंच्या आहेत. बारांना तुमचे ते नऊशे नव्व्याण्णव. आणि सतराला एकसष्ट चाळीस. पण टीप नाही.” त्या खुर्चीत वळल्या. “सापडला असेल तर सोन्याहून पिवळं. यंत्र सरळ त्याच्यावरच उभं करा, अर्धा दिवस वाचेल.”

बाईंचं काम जुन्या नकाशांवरून हद्दीचे दगड आज कुठे असतील ते गणिताने काढण्याचं होतं. पन्नास-साठ वर्षांपूर्वी पुरलेला दगड, वर माती, गवत, कधी अख्खं गोदाम. बाई खुर्चीवरून न उठता सांगायच्या, अमुक कोपऱ्यापासून बारा मीटर चाळीस, तिथे खणा. दहापैकी सहा वेळा दगड निघायचा. म्हणून त्या ज्योतिषीण. हे नाव त्यांना भालदाराने दिलं होतं, आणि भालदाराला भालदार हे नाव त्यांनी. तो पंचवीस वर्षं नानांपुढे भिंग लावलेली काठी घेऊन चालत होता.

“तू त्याला नऊशे नव्व्याण्णव टाक,” नाना म्हणाले.

“म्हणजे सापडला नव्हता.”

“टाक म्हटलं ना.”

“टाकते की. पण मग एकसष्ट चाळीस आलं कुठून?”

नानांनी काच उजेडाकडे धरली. ती केव्हाच स्वच्छ झाली होती.

“जाऊन बघतो,” ते म्हणाले.

*

शोधायच्या दगडाची जागा गणिताने कळते, उंची कळत नाही. जुने नकाशे सपाट असतात; कुठे हे ते सांगतात, किती वर किती खाली ते सांगत नाहीत. पण यंत्रात बिंदू भरताना तीन रकाने भरावेच लागतात. तिसरा, उंचीचा, मोकळा ठेवला तर यंत्र आपणहून तिथे शून्य धरतं. आणि शून्य ही खरीखुरी उंची आहे. समुद्राच्या काठाला ती असते.

म्हणून थोरल्या साहेबांनी, म्हणजे आताच्या साहेबांच्या वडिलांनी, नियम घालून दिला होता. या भागातली जमीन शंभर मीटरच्या वर कुठेच नाही. तेव्हा उंची माहीत नसलेल्या प्रत्येक बिंदूला नऊशे नव्व्याण्णव लिहायचं. ते म्हणत, “खोटं लिहायचंच असेल, तर असं लिही की आंधळ्यालाही ते खोटं दिसलं पाहिजे.” दगड सापडला, माथ्यावर काठी टेकवून उंची मोजली, की मगच नऊशे नव्व्याण्णव पुसून खरा आकडा. नकाशा काढण्याआधी सगळे नऊशे नव्व्याण्णव शोधून बाजूला काढायचे. ते राहिले तर सपाट शेतात आकाशाला भिडणारा सुळका उभा राहतो आणि सगळं ऑफिस हसतं.

नानांनी हा नियम एखाद्याने जानवं सांभाळावं तसा सांभाळला, असं सगळे म्हणत. भालदार तर त्यांची ओळखच तशी करून देई. “हजाराला एक कमी. आमचा नाना.”

फक्त एकदा तो मोडला होता.

एकोणीस वर्षांपूर्वीचा शनिवार. थोरले साहेब सुटीवर होते. ओढ्याकाठी नवी घरं, नवा रस्ता, रस्त्याखालून पाणी जायला मोरी, असा बेत होता. रस्त्याचा इंजिनिअर ऑफिसात नानांच्या खुर्चीला खुर्ची लावून बसला होता. त्याला संध्याकाळच्या आत उंच्यांचा नकाशा हवा होता. सतरा नंबरचा दगड ओढ्याच्या कोपऱ्यात, काटेरी झुडपांच्या गचपणात कुठेतरी होता. दोन दिवस शोधून तो हाती लागला नव्हता, आणि त्या गचपणात दुसरी एकही उंची घेतलेली नव्हती. नऊशे नव्व्याण्णव ठेवलं तर सुळका. काढलं तर नकाशाला त्या कोपऱ्यात भोक.

“मला भोक नकोय,” इंजिनिअर म्हणाला. “आजूबाजूला काय आहे?”

एका बाजूला एकसष्ट दहा, दुसऱ्या बाजूला एकसष्ट सत्तर. नानांनी दोहोंचा मध्य काढला आणि सतराच्या तिसऱ्या रकान्यात लिहिला. नकाशावरच्या उंचीच्या रेषा कशा लोण्यासारख्या जुळल्या. कोपरा भरला. सोमवारी झुडपं तोडून खरी उंची घ्यायची आणि आकडा बदलायचा, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. ते खोटं सांगत नव्हते. पण रविवारी त्यांची मुलगी आठव्या महिन्यातच जन्माला आली, आणि पुढचे अकरा दिवस ते दवाखान्याच्या बाकावर होते. परतले तेव्हा टेबलावर दुसरी फाइल होती.

नऊशे नव्व्याण्णव असता तर तो ओरडला असता. एकसष्ट चाळीस चांगल्या घरच्या मुलासारखा चारचौघांत गप्प बसून राहिला.

त्यानंतर सात वर्षांनी वर्तमानपत्रात सहा ओळी आल्या. ओढ्याकाठच्या वस्तीत दुपारच्या पावसाने पाणी शिरलं. कोपऱ्यातल्या खोलीत अर्धांगाने अंथरुणाला खिळलेले एक शिंपी बुडून मरण पावले. अतिवृष्टी, आणि मोरीच्या तोंडाची जाळी कचऱ्याने तुंबलेली, असं कारण दिलं होतं. नानांनी ते वाचलं, ऑफिसात जाऊन फाइल काढली, सतराव्या ओळीवर बोट ठेवलं आणि फाइल परत जागेवर ठेवली.

त्याला बारा वर्षं झाली. या बारा वर्षांत ते त्या बाजूला एकदाही फिरकले नाहीत.

नाना भुताखेतांवर विश्वास ठेवणारे नव्हते. पण आकडा दिसायचा. भाजीवाल्याच्या काट्यावर, विजेच्या बिलात, पंपावर पेट्रोल भरताना. दिवसभरात माणसाच्या डोळ्यांखालून काही हजार आकडे जातात, त्यात एखादा पुन्हा येणारच, हे त्यांना कळत होतं. न येता तर तेच नवल. तरीही पंपाचे आकडे एकसष्टाच्या जवळ येऊ लागले की ते मान फिरवून टायरकडे बघत. कुणाच्या घरी गेले तर पाय पुसता पुसता त्यांची नजर रस्ता, उंबरठा, फरशी अशी उतरत जाई. आणि स्वतःची खाट त्यांनी चार विटांवर चढवून ठेवली होती.

“अहो, झोपायला शिडी लावू का?” बायको म्हणायची. पहिली दोन वर्षं हसून, मग नुसतंच. पाचव्या वर्षी तिने विटांना कापडाची खोळ शिवली.

*

“यंत्र आहे, तिपाई आहे, काठी आहे,” गाडीतून सामान उतरवताना भालदार म्हणाला. “ही गवंड्याची पाण्याची नळी कशाला घेतलीस? मोजायला आलोय का भिंत बांधायला?”

“असू दे.”

“असू दे तर असू दे. तू आज सकाळपासून सुतकी चेहरा करून बसलायस म्हणून विचारलं.”

गचपण उरलं नव्हतं. पाच-सहा बैठ्या खोल्यांची ओळ होती, समोर फरसबंद गल्ली, आणि गल्लीच्या टोकाला आडवा, भरावावरचा रस्ता. रस्त्याच्या पोटात मोरी. गल्ली टोकाकडे उतरत गेली होती. हा उतार नानांना गाडीतूनच दिसला. बादलीच्या तळाकडे बघावं तसा तो कोपरा दिसत होता, आणि त्या तळात शेवटची खोली.

आतून शिवणयंत्राचा आवाज येत होता.

दहा वाजेपर्यंत त्यांनी सोळा दगड शोधून पाहिले, सात मिळाले. सतरा नंबरसाठी नानांनी यंत्र लावलं आणि भालदार काठी घेऊन चालू लागला. दीड मीटर पुढे. चाळीस डावीकडे. दहा मागे. भालदार शेवटच्या खोलीला वळसा घालून मागे गेला, खोली आणि भराव यांच्यामधल्या हातभर रुंदीच्या बोळात. नाना तिपाई उचलून मागोमाग गेले.

“दोन सेंटीमीटर उजवीकडे,” ते म्हणाले.

“उजवीकडे ताईंचा पाय आहे,” भालदार म्हणाला.

बोळात एक चाळिशीची बाई मोरीच्या जाळीपुढे उभी होती. गळ्यात कपडे मापायची पट्टी, एका हातात लोखंडी आकडी. जाळीत अडकलेली दोन वाळकी पानं आणि एक चॉकलेटचा कागद तिने काढला आणि कमरेच्या पिशवीत टाकला. तळाशी ओल होती. चिखल लागू नये म्हणून ती एका चौकोनी दगडावर उभी होती.

“काय हवंय?” तिने विचारलं.

“हद्दीचा दगड शोधतोय, ताई,” भालदार म्हणाला. “आणि तुम्ही त्याच्यावर उभ्या आहात असं यंत्राचं म्हणणं आहे.”

ती खाली उतरली. भालदाराने बुटाने माती सरकवली. दगडाच्या माथ्यावर छिन्नीने कोरलेली फुली होती, झिजून गुळगुळीत झालेली.

“हा होय,” ती म्हणाली. “याच्यावर तर मी कपडे पण धुते. मला वाटलं गवंड्यांनी टाकून दिला असेल.”

“एकोणीस वर्षं आमच्या नानाला चकवलं याने,” भालदार खुशीत म्हणाला. “माथ्यावर धरू का रे काठी?”

नानांनी मान हलवली. यंत्राने टक केलं. पडद्यावर उंची आली. साठ बावीस.

एक मीटर अठरा सेंटीमीटरचा फरक. बारा वर्षांत त्यांनी मनाशी अनेक आकडे धरले होते. कधी दहा सेंटीमीटर, कधी तीस. एकदा, मुलगी तापली होती त्या आठवड्यात, दोन मीटर. खरा आकडा पुढ्यात आला तेव्हा आधी त्यांना काहीच वाटलं नाही. मग त्यांनी यंत्र जाळीकडे वळवलं.

“जाळीच्या खालच्या कडेवर धर,” ते म्हणाले.

“ती कुठे आपल्या कामात आहे?”

“धर.”

साठ नव्वद. म्हणजे इंजिनिअरने एकसष्ट चाळीसातून बरोबर अर्धा मीटर वजा करून मोरीचा तळ धरला होता. पुस्तकात सांगितलं आहे तसं. त्याचं काही चुकलं नव्हतं.

“रोज साफ करता का जाळी?” भालदार बाईला विचारत होता. “म्युन्सिपालटीचं काम आहे ना ते?”

“दोनदा. सकाळी आणि दिवे लागायच्या आधी.”

“एवढ्या पाण्याला?”

“पाणी आता येतच नाही. वरून वळवलंय, दहा वर्षं झाली.” तिने आकडी भिंतीच्या खिळ्याला अडकवली. तिथे आकडीच्या आकाराचा गंजाचा डाग पडला होता. “गल्लीतली पोरं मला जाळीवाली म्हणतात. चहा घेणार का?”

*

खोली एकच होती, पण नेटकी. दाराशी शिवणयंत्र, भिंतीला ओळीने लटकवलेले अर्धे शिवलेले कपडे, आणि मागच्या भिंतीला लागून लोखंडी खाट. खाटेवर गादी नव्हती. कापलेल्या कापडांच्या घड्या रचल्या होत्या, प्रत्येक घडीवर चिठ्ठी टाचलेली.

चहा ओतताना तीच बोलू लागली. भालदारापुढे लोक बोलतात. त्याच्या चेहऱ्यात तसं काही आहे.

“वडील त्या खाटेवर असायचे. डावं अंग गेलं होतं. उजव्या हाताने काजं करायचे शेवटपर्यंत. त्या दिवशी सकाळी म्हणाले, आभाळ भरलंय, जाळी बघून घे. मी म्हटलं, आल्यावर बघते. एका लग्नाचे कपडे पोचवायचे होते. तिथे त्यांनी थांबवून घेतलं, एक ब्लाउज घट्ट होत होता. दीड तास.” तिने कप पुढे केला. “साखर कमी असेल तर सांगा.”

“बरोबर आहे,” नाना म्हणाले. त्यांनी अजून चहाला तोंड लावलं नव्हतं.

“भाऊ तेव्हापासून बोलत नाही. त्याचंही काही चुकलेलं नाही. चौकशीच्या कागदातच होतं, जाळी तुंबलेली म्हणून. त्याने तो कागद मला वाचून दाखवला, सगळ्यांसमोर. गेल्या महिन्यात त्याच्या मुलीचं लग्न झालं. फराकापासून तिचं सगळं मी शिवलेलं. पत्रिका नाही आली.”

भालदार कपात बघत होता. नाना उठले आणि दाराबाहेर जाऊन नळी घेऊन आले.

“ताई, तुमच्या गळ्यातली पट्टी जरा कामाला येईल,” ते म्हणाले. “खाटेची उंची बघा बरं, सेंटीमीटरच्या बाजूने. फरशीपासून पट्ट्यांपर्यंत.”

तिने विचित्र नजरेने बघितलं, पण माप घेणं हे तिच्या हाताला विचारावं लागत नसे. ती वाकली. “पंचेचाळीस.”

“लक्षात ठेवा.”

नळी साधी होती, बोटाएवढी जाड, आरपार दिसणारी, पाण्याने भरलेली. गवंडी दोन भिंतींवर एकाच पातळीची खूण करायला वापरतात ती. एक टोक घेऊन भालदार मागच्या खिडकीतून बोळात उतरला. दुसरं टोक नानांनी तिच्या हातात दिलं, आणि खाटेच्या वरच्या भिंतीला लावून धरायला सांगितलं.

“जाळीची खालची कड,” नानांनी खिडकीतून हाक दिली. “पाणी बरोबर तिथे आण.”

“जरा वर घ्या, ताई,” बाहेरून आवाज आला. “अजून. थोडं खाली. हां. बस.”

नळीतलं पाणी वर गेलं, खाली आलं, आणि थांबलं.

“पाणी दोन्ही टोकांना एकाच पातळीला राहतं,” नाना म्हणाले. “तिकडे ते जाळीच्या अगदी तळाशी आहे. म्हणजे पाणी बाहेर पडायला जिथून सुरुवात होते तिथे. इकडे कुठे आहे ते मापा.”

तिने एका हाताने नळी धरून दुसऱ्या हाताने पट्टी फरशीपर्यंत सोडली. खाली वाकून वाचायची तिला गरज नव्हती. वरचा आकडा अंगठ्याखाली होता.

“अडुसष्ट.”

नळीतल्या पाण्याची कड खाटेवरच्या कापडांच्या तिसऱ्या घडीला लागत होती. मग ती हळू बोलली, हिशोब तपासून पाहावा तशी. “म्हणजे जाळी साफ असती तरी...”

“तरी पाणी इथवर आलंच असतं. अडुसष्टपर्यंत खोली भरायची, आणि मग पहिला थेंब बाहेर जायचा. जाळी असो, नसो. तुम्ही घरात असतात तर त्यांना उचललं असतंत, ते वेगळं. पण जाळीचा यात संबंध नाही. नव्हताच.”

“जाळीचा संबंध नाही,” ती म्हणाली.

“नाही.”

बाहेर भालदार नळी धरून उभा होता. त्याला सगळं ऐकू येत होतं.

“मग मोरी एवढी वर कुणी ठेवली?”

हा प्रश्न येणार हे नानांना ठाऊक होतं. बारा वर्षं ते त्याचं उत्तर तयार करत होते. त्या उत्तरात इंजिनिअर होता, सुटीवर गेलेले थोरले साहेब होते, आठव्या महिन्यात जन्मलेली मुलगी होती. पण तिच्या हातातल्या नळीकडे बघताना त्यांना त्यातलं काही आठवेना.

“नकाशात या कोपऱ्याची उंची जास्त लिहिली होती,” ते म्हणाले. “त्यावरून ठेवली.”

“कुणी लिहिली?”

“मी. न मोजता. दगड सापडला नाही, म्हणून अंदाजाने लिहिली.”

तिने नळीचं टोक खाली केलं. पाणी गळू लागलं. खाटेवरच्या एका घडीवर ओला डाग पडला, तिने घाईने ती घडी उचलून बाजूला ठेवली, चिठ्ठी सरळ केली. मग खाटेच्या कडेवर बसली.

“कधी कळलं तुम्हाला?”

“पेपरात आलं त्या दिवशी.”

“बारा वर्षं,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. “बारा वर्षं रोज दोनदा. आणि तुम्ही इथून किती लांब राहता?”

“बसने वीस मिनिटं.”

ती हसल्यासारखी झाली; पण ते हसणं नव्हतं. नाना उभेच होते. बसा म्हणायला कुणी उरलं नव्हतं.

मग ती उठली आणि शिवणयंत्राच्या खणातून वही काढली. मापं लिहायची वही. मधलं एक कोरं पान काढून तिने खडूच्या डबीखाली दाबलं, वर पेन ठेवलं.

“लिहून द्या,” ती म्हणाली. “तोंडी सांगितलेलं माझा भाऊ ऐकणार नाही. त्याने कागद वाचून दाखवला होता. मी पण कागदच दाखवीन.”

“नाना,” खिडकीतून भालदार म्हणाला, “जरा बाहेर ये.”

“थांब.”

“अरे, सहीनिशी दिलंस तर परवाना...”

“थांब म्हटलं ना.”

नानांनी लिहिलं. अक्षर त्यांचं खरंच मोत्यासारखं होतं. बिंदू क्रमांक सतरा. एकोणीस वर्षांपूर्वी लिहिलेली उंची ६१.४० ही मोजलेली नव्हती, मी अंदाजाने लिहिली होती. आज मोजलेली उंची ६०.२२. मोरीचा तळ ६०.९०, खोलीच्या फरशीपासून ६८ सेंटीमीटर वर. जाळी पूर्ण मोकळी असती तरीही खोलीत ६८ सेंटीमीटर पाणी साठल्यावाचून ते बाहेर जाऊ शकलं नसतं. खाली नाव, परवान्याचा क्रमांक, तारीख, सही.

तिने ते दोनदा वाचलं. “खाटेचं नाही लिहिलंत,” ती म्हणाली.

नानांनी पेन पुन्हा घेतलं आणि सहीच्या वरच्या जागेत लिहिलं. खाटेची उंची ४५ सेंटीमीटर.

*

“कागद द्यायची काय गरज होती?” धाकटे साहेब म्हणाले. त्यांनी केबिनचं दार लावून घेतलं होतं, म्हणजे सगळ्या ऑफिसला ऐकू जात होतं. “तोंडी सांगायचं होतंत. बाईचं समाधान झालं असतं.”

“तोंडी मी बारा वर्षं सांगत होतो, साहेब. मनातल्या मनात.”

“बाबा असते तर काय म्हणाले असते?”

“ते तर एकोणीस वर्षांपूर्वीच म्हणाले असते.”

धाकट्या साहेबांनी डोळे चोळले. ते वाईट माणूस नव्हते; नानांनीच त्यांना काठी धरायला शिकवलं होतं. महिन्याभरात परवाना देणाऱ्या खात्याचं पत्र आलं. पुढील आदेशापर्यंत नानांनी कोणत्याही नकाशावर सही करायची नाही. पगार कमी झाला, टेबल तेच राहिलं. ते आता ज्योतिषीणबाईंच्या शेजारी बसून शोधायचे बिंदू यंत्रात भरून देतात. बाईंनी त्या फाइलीत सतराव्या ओळीवर साठ बावीस घातलं, आणि बाजूला टीप लिहिली. दगड सापडला. नानांना त्यांनी काही विचारलं नाही. फक्त त्या दिवसापासून त्यांना ‘हजाराला एक कमी’ म्हणणं ऑफिसात बंद झालं, आणि नानांना ते चुकल्याचुकल्यासारखं वाटत राहिलं.

घरी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती ऐकून घेत होती आणि मटार सोलत होती. शेवटी म्हणाली, “मग विटा काढू का?”

“नको,” नाना म्हणाले.

तिने विचारलं नाही. खोळी मात्र काढून धुवायला टाकल्या.

आकडा अजून दिसतो. पण आता ते मान फिरवत नाहीत. दिसला की मनात त्याच्यातून साठ बावीस वजा करतात, आणि बाकी एक अठरा उरते. दर वेळी तेवढीच.

दोन महिन्यांनी कुंपणाच्या भिंतीची आखणी दाखवायला पुन्हा तिकडे जावं लागलं. सही धाकट्या साहेबांची होती. नाना नुसतं यंत्र धरायला. काम संपेपर्यंत संध्याकाळ झाली. भालदार गाडीत सामान भरत होता तेव्हा नाना वळसा घालून बोळात गेले.

आकडी खिळ्याला होती. तिच्यावर कोळ्याने जाळं विणलं होतं. मोरीच्या जाळीत पानं साठली होती, चांगली वीतभर. वाळकी, त्यांच्यावर नवी, त्यांच्यात एक फाटका पतंग. सतरावा दगड कोरडा होता, आणि त्याच्या फुलीत धूळ बसली होती.

खोलीतून दोन आवाज येत होते. एक तिचा. दुसरा पुरुषाचा, जाडसर, तिच्यासारखाच शब्द तोडून बोलणारा. काय बोलत होते ते कळत नव्हतं. मधेच शिवणयंत्र चालायचं, थांबायचं.

नानांनी दगडावर पाय ठेवला, आकडी काढली, आणि पानं एक एक करून सोडवू लागले. पिशवी नव्हती म्हणून खिशात भरली. मागच्या खिडकीत कुणीतरी आल्यासारखं वाटलं. त्यांनी वळून पाहिलं नाही. आत शिवणयंत्र थांबलं होतं.

थोड्या वेळाने ते पुन्हा सुरू झालं.